थंडीत दक्षिणेकडे : चार्टर विमान ठरवताना

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



 माझ्या आधी या व्यासपीठावर संतसाहित्यावर आणि मधुमेहावर फार चांगली व्याख्याने झाली. माझा विषय त्या मानाने अगदीच पोटापाण्याचा आहे. सांगानेर विमानतळावर बाहेरून येणाऱ्या छोट्या विमानांचे हॅण्डलिंग, म्हणजे इंधन, पार्किंग, परवानग्या, वैमानिकांचे जेवण आणि हवामानाचे कागद, हे माझे रोजचे काम. तेव्हा साहित्यिक अपेक्षा ठेवू नयेत, ही विनंती.

हा विषय मी निवडलेला नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या मंडळातल्या काही ज्येष्ठांनी मला गाठले. दरवर्षी डिसेंबरात जयपूरची थंडी सुरू झाली की यांच्यापैकी कुणी पुण्याला मुलीकडे, कुणी कोल्हापूरला, कुणी कोकणात दोन महिने जातात. गुडघे, दमा, कारणे आपल्याला ठाऊक आहेत. जौहरी बाजारातले आपले विटा-आटपाडीकडचे गलाईवाले बंधूही होते. त्यांचेही आईवडील थंडीत गावी जातात. नाताळच्या सुमाराला विमानाची तिकिटे हाताबाहेर जातात आणि रेल्वेची यादी हलत नाही. मग प्रश्न आला, "आपण सात-आठ जण मिळून एक छोटे विमानच का करू नये? श्रीमंत लोक करतातच ना?" त्याचे सविस्तर उत्तर आज देतो.

जयपूरला चार्टर हा प्रकार नवा नाही. १९०२ साली महाराजा सवाई माधोसिंह दुसरे सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला निघाले, तेव्हा त्यांनी 'ऑलिंपिया' हे अख्खे जहाज भाड्याने घेतले होते. समुद्र ओलांडल्याने धर्म बुडू नये म्हणून गंगाजल बरोबर हवे. त्यासाठी चांदीचे जे प्रचंड घट नेले होते, ते सिटी पॅलेसमध्ये आपण पाहुण्यांना हौसेने दाखवतो. एकेक घट सुमारे ३४५ किलोचा आणि त्यात चार हजार लिटर पाणी मावते. मला त्या घटांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचे कौतुक वाटते. ज्या जहाजावर कधी गोमांस शिजले नाही असेच जहाज पाहिजे, म्हणून त्यांनी कोरे नवे जहाज घेतले. आपल्या अटी काय, हे त्यांनी मुंबईचा धक्का सोडण्याच्या आधी ठरवले. आजचे आपले लोक विमान आधी ठरवतात आणि अटी विमानतळावर, मोठ्या आवाजात.

आता हिशेब. चार्टरवाला आपल्याकडून जयपूर ते कोल्हापूर एवढेच भाडे घेत नाही. विमान त्याच्या मुक्कामाहून, समजा दिल्लीहून, रिकामे येते. आपल्याला सोडून रिकामे परत जाते. तो सगळा वेळ आपल्या बिलात असतो. आठ आसनांचे दोन पंख्यांचे विमान धरू. दिल्ली-जयपूर पाऊण तासाच्या आत, जयपूर-कोल्हापूर अंतर हवेतून साधारण ११४० किलोमीटर, म्हणजे अडीच तास, आणि तिथून दिल्ली तीन तास. एकंदर सहा तास. त्यात आपण बसणार अडीच. दर समजा ताशी सव्वा लाख धरला तर साडेसात लाख, त्यावर अठरा टक्के जीएसटी, झाले आठ लाख पंच्याऐंशी हजार. सात जणांत माणशी सव्वा लाखाच्या वर, आणि हे एकाच बाजूचे. विमान तिथे मुक्कामाला ठेवले तर पार्किंग, वैमानिकांचे हॉटेल, आणि बहुतेक ठिकाणी रोजचे किमान दोन तासांचे भाडे. हा आकडा ऐकून सभागृहात जी शांतता पसरली आहे, ती मला अपेक्षित होती.

स्वस्तात जाण्याची एक वाट आहे, तीही सांगतो. नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात राजस्थानात लग्नांची धामधूम असते. पाहुण्यांना घेऊन मुंबईहून विमाने येतात आणि लग्न लागले की रिकामी परततात. या रिकाम्या फेऱ्या पुष्कळ कमी भावात मिळतात. १६ डिसेंबरच्या आसपास खरमास लागला की इकडची लग्ने संक्रांतीपर्यंत थांबतात. आपण त्याच महिन्याला धनुर्मास म्हणतो आणि पहाटे खिचडी-लोणी खातो, इकडचे लोक मुहूर्त बंद ठेवतात. म्हणजे ज्यांना थंडीसाठी जायचे आहे त्यांनी खरमासाच्या आधीची तारीख धरली तर रिकामी फेरी मिळण्याचा संभव जास्त. नंतर नाताळापासून सगळी गर्दी गोव्याकडे वळते. पण रिकाम्या फेरीचा मालक दुसराच असतो. त्याच्या वऱ्हाडाने एक दिवस मुक्काम वाढवला की आपली फेरी गेली. पुढे कुणाला दवाखान्याची तारीख किंवा गाडीचे आरक्षण असेल तर या भानगडीत पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

विमान कोणाचे आहे हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. भाड्याने प्रवासी नेण्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परवाना लागतो आणि त्या परवान्यावर त्या विशिष्ट विमानाची नोंद असावी लागते. एखाद्या उद्योगपतीचे खाजगी विमान त्याच्या स्वतःच्या वापरासाठी असते, ते भाड्याने देता येत नाही. तरीही "शेठचे विमान रिकामेच आहे, रोखीत जमवू" असे सांगणारे दलाल भेटतात. अशा विमानात अपघात झाला तर विम्याचे काय होईल, याचा विचार प्रत्येकाने घरी करावा. व्हीटी या अक्षरांनी सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि परवान्याची प्रत मागावी. द्यायला जो कुरकुरतो, त्याला नमस्कार करावा.

ज्येष्ठांसाठी दोन गोष्टी. चित्रपटात दिसते तसे हे विमान नसते. छोट्या विमानाचा जिना अरुंद असतो. आत पाच फुटांपेक्षा कमी उंची, वाकून चालावे लागते, आणि स्वच्छतागृह असले तर बहुधा पडद्यामागे. ज्यांचे गुडघे गेले आहेत त्यांना मोठ्या विमानातली व्हीलचेअर यापेक्षा सुखाची वाटेल. दुसरे म्हणजे हवेचा दाब. आत दाब राखलेला असला तरी तो सात-आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा इतपत असतो. दमा, हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांचे पत्र घ्यावे. प्राणवायू लागणार असेल तर तो ऑपरेटरला आधी सांगावा, घरचा सिलिंडर परस्पर आणू नये. आणि भगिनींना विनंती, सामानात सुके खोबरे आणि कापूर नको. दोन्ही पटकन पेट घेणारे पदार्थ आहेत. ओटीच्या सामानावरून मी विमानाच्या पायरीशी वाद घातलेले आहेत.

आता धुक्याकडे येतो. खरे म्हणजे याच्यासाठीच मी इथे उभा आहे.

पश्चिमी विक्षोभाचा पाऊस पडून जातो, जमीन ओली असते, आकाश निरभ्र होते, वारा पडतो. अशा रात्री जमीन झपाट्याने थंड होते आणि पहाटे धुके बसते. दिल्लीत ते जास्त, आणि तिथली वळवलेली विमाने आपल्याकडे येतात. त्यामुळे ज्या सकाळी जयपूर मोकळे असते, त्या सकाळी इथली पार्किंगची जागा भरलेली असते. ज्या सकाळी जयपूरलाही धुके असते, तेव्हा लोक मला विचारतात, "इथे तर आधुनिक यंत्रणा आहे, मोठी विमाने उतरताहेत, मग आमचे का नाही?" त्याचे उत्तर असे, की धावपट्टीवर यंत्रणा असून भागत नाही. विमानात तशी उपकरणे हवीत, आणि दोन्ही वैमानिकांचे तसे प्रशिक्षण हवे. तिन्ही जुळले तरच कमी दृश्यतेत उतरता येते. चार्टरची बहुतेक छोटी विमाने साध्या पहिल्या श्रेणीवर चालतात. त्यात साधारण ५५० मीटर दिसावे लागते आणि जमिनीपासून २०० फुटांवर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत तर वर जावेच लागते.

काही वर्षांपूर्वीची जानेवारीतली एक सकाळ आहे. एका गृहस्थांच्या आईची प्रकृती कराडजवळच्या गावी अत्यवस्थ होती. रात्री निरोप आला आणि त्यांनी दलालामार्फत पहाटेचे विमान ठरवले, इथून कोल्हापूर आणि पुढे मोटारीने. विमान आदल्या रात्रीच येऊन उभे होते. साडेसहाला सगळे कुटुंब हजर. बाहेर दोनशे मीटरसुद्धा दिसत नव्हते. कॅप्टनने सांगितले, निघता येणार नाही. उड्डाणानंतर काही बिघाड झाला तर इथे परत उतरता येणार नाही, आणि तासाभराच्या टापूतले दुसरे विमानतळही बंद आहेत. गृहस्थ ओरडले. ते साहजिक होते. मग ते विनवू लागले, ते ऐकणे जास्त कठीण होते. "मी लिहून देतो, जबाबदारी माझी." त्यांच्या मुलाने खिशातून पैसे काढले. दलालाचा फोन बंद होता. कॅप्टन वयाने त्या मुलाएवढाच असेल. तो काही बोलला नाही, चहाचा पेला घेऊन विमानापाशी जाऊन उभा राहिला. अकराच्या पुढे धुके उठले आणि विमान निघाले. आई भेटली, पण बोलण्याच्या स्थितीत नव्हती. ते गृहस्थ मला अजूनही भेटतात आणि म्हणतात, सातला निघता आले असते. मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

त्या सकाळचा दोष मी त्यांना देत नाही. पण त्यांच्या करारात एक ओळसुद्धा नव्हती की धुके असेल तर काय. थांबण्याचे पैसे कुणी द्यायचे, विमान रद्द झाले तर किती परत मिळायचे, दुसरीकडे उतरावे लागले तर पुढची मोटार कुणाची, काहीच नाही. मग ते सगळे ओझे त्या एका तरुण माणसाच्या 'नाही'वर येऊन पडते. त्याने 'हो' म्हणावे म्हणून घरचे, दलाल आणि कधी कधी त्याची कंपनीही, सगळे एका बाजूला.

खराब हवामानात छोट्या विमानाचे काय होते, हे आपल्याला माहीत नाही असे नाही. ३० सप्टेंबर २००१ रोजी माधवराव शिंदे कानपूरला सभेसाठी निघाले होते. त्यांचे छोटे विमान उत्तर प्रदेशात मैनपुरीजवळ कोसळले आणि विमानातले आठही जण गेले. ग्वाल्हेर, इंदूर, जयपूर, सगळीकडच्या मराठी घरांत तो दिवस अजून आठवतो. १४ सप्टेंबर २०२३ ला मुंबईत मुसळधार पावसात, दृश्यता ७०० मीटर असताना, विशाखापट्टणमहून आलेले आठ जणांचे छोटे जेट धावपट्टीवरून घसरून मोडले. सगळे वाचले.

म्हणून माझे सांगणे असे, की ठरवताना सर्वांत आधी न जाण्याचा दिवस ठरवावा. १५ डिसेंबर ते जानेवारीअखेर जयपूरहून सकाळी अकराच्या आधीची वेळ मागूच नये. मात्र पोहोचण्याचे ठिकाणही पाहावे. लहान धावपट्टीवर सूर्यास्तानंतर उतरता येत नसेल तर दुपारी उशिरा निघूनही उपयोग नाही, म्हणजे आपल्या हातात मोजक्या तासांचीच खिडकी उरते. पुण्याचे लोहगाव हवाई दलाचे आणि गोव्याचे दाबोळी नौदलाचे, तिथे त्यांच्या वेळा पाळाव्या लागतात. मुंबईत गर्दीच्या तासांत छोट्या विमानांना जागा मिळत नाही. कोकणात जायचे असेल तर ऑक्टोबर २०२१ पासून चिपी आणि जानेवारी २०२३ पासून मोपा सुरू झाले आहे, त्यांचा विचार करावा. दुसरा दिवस राखीव ठेवावा आणि त्याचे भाडे आधीच लिहून घ्यावे. हवामानामुळे कॅप्टनने नकार दिल्यास किती पैसे परत मिळतील तो आकडा करारात असावा. आणि निघण्याच्या सकाळी कॅप्टनशी बोलायला घरातला एकच माणूस नेमावा, शक्यतो ज्याचा रक्तदाब बरा आहे असा.

आता सरळ विचाराल, की आपल्या ज्येष्ठांनी चार्टर करावे का? निव्वळ थंडीसाठी जाणार असाल तर नको. त्याच पैशात सर्वांची तिकिटे सप्टेंबरात, म्हणजे या उत्सवातच, काढून होतील आणि उरलेल्यात पुण्याला चांगली खोली मिळेल. कोकणात जाणाऱ्यांना मरुसागर एक्स्प्रेस आहे, आठवड्यातून एकदा, रत्नागिरीवरून जाते. वेळ लागतो, पण पाय पसरता येतात. एखाद्याला खाटेवरून न्यायचे असेल, तर गोष्ट वेगळी. त्याला एअर अ‍ॅम्ब्युलन्स म्हणतात. त्यात स्ट्रेचर आणि डॉक्टर असतो आणि त्याची चौकशी गरज पडण्याच्या आधी करून ठेवावी लागते. आपल्या मंडळाने परवाना तपासलेल्या दोन-तीन ऑपरेटरांचे दूरध्वनी क्रमांक आणि कराराचा एक मराठी नमुना कार्यालयात ठेवावा, अशी माझी सूचना आहे. नमुना मी लिहून देईन, त्यात धुक्याचे कलम पहिले असेल.

ज्यांना या डिसेंबरची तारीख काढायची आहे त्यांनी आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत मला भेटावे. पंचांग माझ्याकडे आहे, मागच्या काही वर्षांच्या धुक्याच्या नोंदीही आहेत.