कलरीपयट्टू : उगम आणि पुनरुज्जीवन



केरळच्या कलरीपयट्टूबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जाते. बोधिधर्म दक्षिणेतून चीनला गेले आणि त्यांनी शाओलिनच्या भिक्खूंना ही युद्धकला शिकवली. ऐकायला गोड वाटते. पण तिला समकालीन पुरावा नाही. त्यांच्या नावावरचा व्यायामग्रंथ 17 व्या शतकातला आहे. आपण तपासूनच मानणारी माणसे, मग हेही तपासायला नको का?

कलरी म्हणजे आपली तालीमच. जमिनीत खणलेली, साधारण 42 फूट लांब, 21 फूट रुंद. आधी अंग कमवायचे, मग काठी, मग ढाल-तलवार, शेवटी रिकामे हात. इंग्रजी अमलात शस्त्रांवर बंधने आली, कला मोडकळीस आली. विसाव्या शतकात कोट्टक्कल कनारन गुरुक्कल आणि त्यांचे शिष्य सी. व्ही. नारायणन नायर यांनी ती सावरली.

पण मला महत्त्वाचे वाटते ते वडकराचे उदाहरण. राघवन गुरुक्कल यांना तिय्या समाजातले म्हणून कलरीत प्रवेश नाकारला गेला. ते रडत बसले नाहीत. 1949 साली त्यांनी स्वतःची कलरी उभी केली आणि सर्वांना दार उघडले. तिथेच मीनाक्षी नावाची सात वर्षांची मुलगी शिकली. त्याच मीनाक्षी अम्मांना 2017 मध्ये पद्मश्री मिळाली.

मित्रहो, कला किती जुनी, यापेक्षा तिचे दार कोणाला उघडे, हे विचारा. आपल्या विहाराच्या अंगणात लाठीचा वर्ग काढाल, तेव्हा मुलींना पहिल्या रांगेत उभे करा. एवढे बोलून थांबतो.

जय भीम!