आवडत्या गायकाची भेट



मैफल संपते. तानपुऱ्यांवर गवसण्या चढतात, तबलजी हातोडी पिशवींत टाकतो, आणि त्याच क्षणीं श्रोतृवर्गांतून दहापांच मंडळी लगबगीनें रंगमंचाच्या पायऱ्यांकडे निघतात. कोणाच्या हातांत स्वाक्षरीची वही असते. हल्लीं बहुधा छायाचित्र काढणारा फोन असतो. कोणी वांकून पायांवर डोकें ठेवतो, कोणी "आज आपण स्वर्ग दाखविलात" असें म्हणून डोळे पुसतो, आणि अर्ध्या मिनिटांत मागच्याला जागा करून देतो. तीन तास गाऊन घसा कोरडा पडलेला तो गायक प्रत्येकाला हात जोडून हंसतो आणि कोपऱ्यांत ठेवलेला त्याचा चहा निवून जातो. या अर्ध्या मिनिटाला आपण भेट म्हणतों. ती खरोखर भेट आहे काय, आणि नसेल तर ती कशी व्हावी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

कलावंताला भेटावें ही इच्छा मला मुळींच क्षुद्र वाटत नाहीं. चित्रकार चित्र पुरें करून निघून जातो. भिंतीवरील चित्राला त्याची गरज उरत नाहीं. गाणें मात्र गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर उपजतें आणि त्या श्वासाबरोबर विरतें. तेव्हां ज्या कंठांतून तें आलें त्या कंठाच्या धन्याला एकदां जवळून पाहावें, त्याच्याशीं चार शब्द बोलावे, असें वाटणें हें रसिकतेचेंच लक्षण होय.

या ओढीचें सामर्थ्य केवढें असतें तें पाहा. गदगच्या एका शिक्षकाच्या मुलानें अब्दुल करीमखांसाहेबांची झिंजोटींतील ठुमरी ध्वनिमुद्रिकेवर ऐकली आणि त्याची तहानभूक हरपली. १९३३ सालीं, वयाच्या अवघ्या अकराव्या वर्षीं, गुरूच्या शोधांत त्यानें घर सोडलें. तिकिटाला पैसे नसत. आगगाडींत गाऊन दाखवावें आणि पुढची मजल गांठावी, असें करीत तो ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंदर असा हिंडला. जालंदरला विनायकबुवा पटवर्धनांनीं त्याला समजाविलें कीं, एवढ्या दूर भटकण्याचें कारण नाहीं. तुझ्याच मुलुखांत, कुंदगोळला, सवाई गंधर्व आहेत. सवाई गंधर्व हे खांसाहेबांचे शिष्य. १९३६ च्या सुमारास मुलगा त्यांच्या दारीं गेला, घरांतलें पाणी भरूं लागला आणि गाणें शिकूं लागला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. ज्या आवाजानें त्यांना वेड लावलें त्या आवाजाची पूजा करीत ते बसले नाहींत. त्या आवाजामागें जी विद्या होती तिचा माग त्यांनीं काढला. १९५२ सालीं गुरु गेले, तेव्हां त्यांच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यांत त्यांनीं संगीत महोत्सव सुरू केला. हें भक्तीचें फळ होय.

आतां आपण सर्वच कांहीं भीमसेन होऊं शकत नाहीं, आणि घरोघरचीं अकरा वर्षांचीं मुलें पळून जावींत असेंही माझें म्हणणें नाहीं. परंतु भक्तीच्या दोन वाटा आहेत हें ध्यानीं यावें म्हणून हें सांगितलें. एक वाट विद्येकडे जाते. दुसरी मूर्तीपाशीं थांबते. आणि त्या वाटेनें आपण गेलों म्हणजे आपलें तर नुकसान होतेंच, पण त्याहून अधिक नुकसान त्या मूर्तींत कोंडलेल्या माणसाचें होतें.

बालगंधर्वांचेंच उदाहरण घ्या. नारायणराव राजहंसांवर महाराष्ट्रानें जेवढें प्रेम केलें तेवढें दुसऱ्या कोणा गायक-नटावर क्वचितच केलें असेल. रंगभूमीवरील त्यांची लुगडें नेसण्याची आणि केसांत फुलें माळण्याची तऱ्हा घरंदाज स्त्रिया उचलीत. १२ मार्च १९११ रोजीं मुंबईस 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशीं त्यांचें लहान मूल वारलें. तरीही रात्रीं ते भामिनीच्या वेषांत प्रेक्षकांपुढें उभे राहिले. मायबाप प्रेक्षकांचा विरस होऊं नये, ही त्यांची स्वतःचीच इच्छा होती. ही गोष्ट आपण आजवर कर्तव्यनिष्ठेचा आदर्श म्हणून मुलांना सांगत आलों, आणि तो आदर्श आहेच. परंतु देवाला सुतक नसतें, माणसाला असतें. आपण ज्याला देव केलें त्यानें आपल्यासाठीं स्वतःचें सुतकही बाजूला ठेवलें, हें ती गोष्ट सांगतांना आपल्या क्वचितच मनांत येतें.

पुढें काळ पालटला. बोलपट आले, नाटक मंडळी कर्जांत रुतली. १९३५ सालीं 'धर्मात्मा' या चित्रपटांत त्यांनीं पुरुषवेषांत संत एकनाथांची भूमिका केली. परंतु पुन्हां ते रंगभूमीकडे आणि स्त्रीवेषाकडेच वळले. पन्नाशी उलटली तरी सिंधु आणि भामिनी त्यांच्या अंगावरून उतरल्या नाहींत, कारण प्रेक्षकांच्या मनांतली सिंधु म्हातारी व्हावयास तयार नव्हती. उतारवयांत त्यांचे पाय अधू झाले, आणि १९६७ सालीं पुण्यास त्यांचा अंत झाला. या साऱ्याला केवळ रसिकांची भक्तीच कारण असें म्हणणें अन्यायाचें होईल. नारायणरावांची राजेशाही हौस आणि व्यवहाराविषयींची बेफिकिरी हींही कारणें होतींच. तरीपण म्हातारें होण्याची, थकण्याची मोकळीक आपण त्यांना मनापासून दिली होती काय, हा प्रश्न उरतोच.

याच्या उलट केसरबाई केरकरांचें पाहा. या मानी गोमंतकीय गायिकेनें श्रोत्यांचें आर्जव कधीं केलें नाहीं. मैफलींत कोणी कुजबुजलेलें त्यांना खपत नसे, आणि त्यांचा धाक थोरामोठ्यांनाही असे. लोक त्यांना तोंडावर 'सूरश्री' म्हणत, आणि पाठीमागें कोणी गर्विष्ठही म्हणत. परंतु गाणें थांबविण्याची वेळ आली आहे असें वाटतांच, १९६३-६४ च्या सुमारास, त्यांनीं जाहीर मैफली आपण होऊन बंद केल्या. हा निर्णय त्या घेऊं शकल्या, कारण आपल्या गाण्याची किल्ली त्यांनीं श्रोत्यांच्या हातीं दिलीच नव्हती. त्यांचा फटकळपणा अनेकांना बोंचला असेल. पण त्याच फटकळपणानें त्यांच्यांतल्या माणसाला मूर्ति होऊं दिलें नाहीं.

या मूर्तिपूजेची दुसरीही एक बाजू आहे, आणि ती सांगतांना जीभ जड होते. देव्हाऱ्यांत बसविणें आणि उंबऱ्याबाहेर ठेवणें, या दोन गोष्टी परस्परविरुद्ध दिसतात. आपल्या समाजानें त्या एकाच वेळीं केल्या. १९२४ सालीं बेळगांवास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं काँग्रेसचें अधिवेशन भरलें. तेथें स्वागतगीत म्हणणाऱ्या शाळकरी मुलींत गंगूबाई हनगल होत्या; त्याही तेव्हां अकरा वर्षांच्याच. त्यांनीं पुढें सांगितलें आहे कीं, गाण्यापेक्षां त्यांना धास्ती वाटत होती ती निराळीच: आपण खालच्या मानलेल्या जातीच्या, तेव्हां जेवणानंतर आपल्याला उष्टीं काढावयास लावतील कीं काय, ही. ज्या कंठाला मान द्यावयाचा, त्याच कंठाच्या धनिणीला ही धास्ती वाटावी! आवाजाची आरती करणारा समाज त्या आवाजामागचें माणूस पाहत नव्हता, याहून निराळा अर्थ मला दिसत नाहीं.

मग कलावंताला माणूस म्हणून ओळखलें तर त्याचें मोठेपण उणावतें काय? मला तर उलटाच अनुभव येतो. अल्लादियाखांसाहेबांची पेंचदार, वक्र गतीची गायकी आपण थक्क होऊन ऐकतों. पण तरुणपणीं अमलेटा संस्थानांत अतोनात गावें लागल्यामुळें त्यांचा आवाज बसला होता, तो सुमारें दोन वर्षें उठला नाहीं, आणि परत आला तो पूर्वीचा उरला नव्हता, हें ठाऊक झालें म्हणजे तीच गायकी निराळी ऐकूं येते. जें हरवलें त्याबद्दल रडत न बसतां, जें उरलें त्याला शोभेल असें गाणें त्या पुरुषानें नव्यानें बांधलें. १९४६ सालीं ते गेले. त्यांचें घराणें आजही गात आहे. हा चमत्कार आहे असें म्हणून हात जोडणें सोपें. ही एका जखमी गळ्याची वर्षानुवर्षांची मेहनत आहे हें उमजणें अवघड, परंतु ऐकण्याला खोली येते ती त्यानेंच.

शिवाय आणखी एक गोष्ट आहे. देवाला जाब विचारतां येत नाहीं, माणसाला येतो. एखादा थोर गायक शिष्याला छळीत असेल, साथीदाराचा मोबदला बुडवीत असेल, तर "एवढा मोठा कलावंत, चालायचेंच" असें म्हणून आपण डोळे मिटूं नयेत. त्याचा षड्ज निर्दोष असला म्हणून त्याचें वर्तन निर्दोष ठरत नाहीं, आणि वर्तन सदोष ठरलें म्हणून षड्ज बेसूर होत नाहीं. दोन्ही गोष्टी एकाच मनांत ठेवणें कठीण खरें. पण प्रौढ रसिकानें तेवढें ओझें उचलावयास हवें.

तर मग भेट व्हावी कशी? याचा धडा मला अब्दुल करीमखांसाहेबांच्याच चरित्रांत सांपडतो. गंगूबाईंच्या मातोश्री अंबाबाई या कर्नाटक पद्धतीनें गाणाऱ्या गायिका. खांसाहेबांची कीर्ति तेव्हां सर्वत्र पसरलेली होती. तरी धारवाडला आले म्हणजे ते अंबाबाईंच्या घरीं जाऊन त्यांचें गाणें ऐकत, अशी आठवण गंगूबाईंनीं सांगितली आहे. प्रतिष्ठित म्हणविणारे लोक ज्या घराचा उंबरा ओलांडतांना दहादां विचार करतील, त्या घरीं हा थोर गवई श्रोता होऊन बसे. त्यांना तेथून स्वाक्षरी न्यावयाची नव्हती कीं दर्शन घ्यावयाचें नव्हतें. त्यांना ऐकावयाचें होतें. अंबाबाईंचा याहून मोठा सन्मान कोणता झाला असता?

आपणही आवडत्या गायकाकडे असेंच जावें. जाण्यापूर्वीं त्याचें गाणें पुष्कळ ऐकावें. 'अप्रतिम', 'अलौकिक' हीं विशेषणें घरीं ठेवून, मारव्यांतली अमुक जागा मनांत घर करून राहिली, एवढें एकच खरें वाक्य त्याला सांगावें. पुष्पहारापेक्षां तें त्याला अधिक काळ पुरेल. साथीला बसलेल्यांनाही नमस्कार करावा. तो थकलेला दिसला तर दुरूनच हात जोडून परत फिरावें. तो तुटक बोलला, तर गाण्यांत दिसलेलें माधुर्य त्यानें चोवीस तास अंगावर वागवावें असा करार त्यानें आपल्याशीं केलेला नाहीं, हें आठवावें. आणि एखाद्या रात्रीं त्याचा सूर लागला नाहीं, तर तेंही लागलेल्या सुराइतक्याच आदरानें ऐकून घ्यावें. पडलेल्या मैफलींतही जो शेवटपर्यंत बसून राहतो, त्या श्रोत्याला गवई पुढें वर्षानुवर्षें ओळखतात.

येत्या हिवाळ्यांत गांवोगांवीं मैफली झडतील. आपणांपैकीं कित्येकजण मैफल संपल्यावर त्या पायऱ्या चढतील, आणि अवश्य चढावें. फक्त वर गेल्यावर प्रथम एवढें करावें: त्या कोपऱ्यांतला चहा गायकाला सुखानें पिऊं द्यावा. मग बोलावें.