मोटारसायकलची शिकवणी

पुण्यासारख्या शहरांत मुलाला अठरा वर्षें पुरीं झालीं कीं घरांत दोन प्रश्न एकदमच उभे राहतात: एक कॉलेजचा, दुसरा मोटारसायकलचा. पहिल्या प्रश्नावर वडील माणसें महिना महिना खल करतात, माहितीपत्रकें जमवितात, चार ठिकाणीं चौकशी करतात, आणि फी भरतांना हात आंखडता घेत नाहींत. दुसऱ्याचा निकाल मात्र बहुधा रात्रीं जेवतां जेवतां लागतो. "त्यांत शिकायचें काय आहे? सायकल येते ना? मग झालें!" असें कोणीतरी म्हणतें, आणि ताटें उचललीं जाण्यापूर्वींच विषय संपलेला असतो.

नारायण पेठेंतील एका घरीं हा विषय इतक्या लवकर मिटला नाहीं. घरच्या चिरंजीवांनीं शिकाऊ परवाना काढला होता. २०२१ पासून महाराष्ट्रांत ही पहिली परीक्षा घरबसल्या संगणकावर देतां येते. ती देतांना चिरंजीवांच्या शेजारीं काका खुर्ची टाकून बसले होते. तेव्हां उत्तीर्ण नक्की कोण झालें, हा प्रश्न सोडून दिलेलाच बरा. आतां तीस दिवस लोटल्यावर प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवावयाची आणि पक्का परवाना घ्यावयाचा, एवढें राहिलें होतें. कोपऱ्यावरच्या मोटार ट्रेनिंग स्कूलनें फी सांगितली चार हजार रुपये. वडील ती भरावयास तयार होते. काकांना मात्र हा पैशाचा शुद्ध अपव्यय वाटत होता.

काकांचा पक्ष दुबळा नव्हता. कायदा त्यांच्या बाजूचा होता. मोटार वाहन कायदा १९८८ चा आणि त्याखालील केंद्रीय नियम १९८९ चे. त्यांप्रमाणें मालवाहू किंवा भाडोत्री गाडी चालविणाराला प्रशिक्षणशाळेचें प्रमाणपत्र लागतें. स्वतःच्या मोटारसायकलवरून कॉलेजांत जाणाराला तें लागत नाहीं. शिवाय घराण्याचा इतिहासहि त्यांच्या बाजूचा होता. "या घरांत फी भरून गाडी कोण शिकलें आहे?" त्यांनीं विचारलें. "मला माझ्या मित्रानें शिकविलें. दादाला मीं शिकविलें. आणि हे शाळावाले शिकवितात कुठें? ते लायसेन्स विकतात!"

या शेवटच्या वाक्यांत बरेंच तथ्य आहे, आणि परीक्षेचें स्वरूप ज्यांना ठाऊक आहे त्यांना तें चटकन् पटेल. नियमांच्या पुस्तकांत उमेदवारानें काय काय करून दाखवावें याची यादी चांगली लांब आहे. योग्य वेळीं इशारा करणें, मागून येणाऱ्या वाहनाकडे लक्ष ठेवणें, संकटसमयीं गाडी थांबविणें, या गोष्टीहि तींत आहेत. पण पुष्कळ मैदानांवर या साऱ्या यादीचा अर्क एका आकड्यांत उतरतो. पाय जमिनीला न टेकवितां आठाच्या आकड्यांतून गाडी फिरवून आणली कीं बहुतेक काम झालें. हा आकडा अगदींच निरर्थक आहे असें नव्हे. अर्धवट सोडलेल्या क्लचवर गाडी तोलून धरणें, मागच्या ब्रेकचा हलका आधार घेणें, आणि चाकाकडे न पाहतां जिकडे जावयाचें तिकडे पाहणें, एवढें साधल्याशिवाय तो नीट निघत नाहीं. आणि लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दींत नेमकें तेंच कामास येतें. पण हा सारा चालत्या माणसाच्या वेगाचा खेळ आहे. चार संध्याकाळीं मोकळ्या मैदानावर दोन विटा मांडून सराव केला तर तो कोणालाहि येतो. समजा, नाहींच आला, तरी सात दिवसांनीं पुन्हां परीक्षेला बसतां येतें. तीनदां नापास झाल्यास मात्र साठ दिवस थांबावें लागतें. एवढ्या भीतीपोटीं चार हजार रुपये मोजण्याचें कारण नाहीं.

कित्येक ठिकाणीं तर त्या फीमध्यें शिकविणें असें फारसें नसतेंच. अर्ज भरून देणें, तारीख घेणें, परीक्षेपुरती गाडी पुरविणें आणि त्या दिवशीं मैदानावर बरोबर येणें, इतकेंच. ही गुमास्तेगिरी झाली, शिकवणी नव्हे. त्यांतहि एक खोच आहे. परीक्षेला पुरविलेली गाडी पुष्कळदां विनागिअरची स्कूटर असते. तिच्यावर उत्तीर्ण होणाराला परवानाहि विनागिअर दुचाकीचाच मिळतो, आणि तो खिशांत घालून चिरंजीव गिअरची मोटारसायकल उडवीत असतात. फी भरूनहि कायद्याच्या दृष्टीनें ते विनापरवानाच!

येथपर्यंत काकांशीं कोणींहि समंजस माणसानें भांडूं नये. त्या रात्रींहि वडील जवळजवळ नमले होते. आई आतांपर्यंत गप्प होती. ती एका हायस्कुलांत पदार्थविज्ञान शिकवीत असे. तिनें एकच प्रश्न विचारला.

"भाऊजी, तुम्ही याला ब्रेक लावायला कसें शिकवाल?"

"त्यांत काय शिकवायचें, वहिनी? मागचा दाबायचा. पुढच्याला हात लावायचा नाहीं. पुढचा दाबला कीं माणूस तोंडावर पडतो." आणि पुरावा म्हणून काकांनीं उजव्या हाताची बाही वर सारली. बारा वर्षांमागें पहिल्याच पावसांत सिंहगड रस्त्यावरील एका वळणावर ते घसरले होते. मनगटांत धातूची पट्टी अजून आहे; थंडीच्या दिवसांत तें दुखतें.

"त्या दिवशीं कोणता दाबला होता?"

काका थोडा वेळ आपल्या मनगटाकडे पाहत राहिले. "मागचाच," ते म्हणाले. "चांगला जोरानें."

ज्या शिकवणुकीनें काकांना पाडलें, तीच शिकवणूक ते पुतण्याला देणार होते. आणि ती त्यांनीं घेतली होती कोणाकडून, तर त्या मित्राकडून. मित्राला ती कोणी दिली, तें कोणास ठाऊक नाहीं. कोणीतरी कधींकाळीं वाळूवर किंवा वळणावर पुढचा ब्रेक एकाएकीं आंवळला असेल, तो पडला असेल, आणि "पुढच्याच्या वाटेस जाऊं नये" असा धडा त्यानें घेतला असेल. घरगुती शिकवणींत धडे हे असे पिढीजात येतात, आणि ते तपासून पाहण्याची सोय त्या शिकवणींत नसते.

वस्तुस्थिति अशी आहे कीं, चालती गाडी थांबूं लागली म्हणजे तिचा भार पुढें सरकतो. पुढचें चाक जमिनीवर घट्ट दाबलें जातें, मागचें हलकें होतें. हलक्या झालेल्या चाकावर जोराचा ब्रेक लावला तर तें फिरावयाचें थांबतें आणि घसरत जातें. म्हणून सरळ चाललेली गाडी थांबविण्याचें मुख्य काम पुढच्या ब्रेकचें आहे. तो झटक्यासरशीं आंवळावयाचा नसतो; ओला कपडा पिळावा तसा चढत्या दाबानें दाबावयाचा असतो, आणि गाडी उभी व सरळ असतांना दाबावयाचा असतो. २०१९ पासून १२५ सी. सी. हून मोठ्या नव्या मोटारसायकलींना चाक अडकूं न देणारी ए. बी. एस्. ही योजना सक्तीची झाली आहे. तिच्या योगानें धोका बराच कमी झाला, पण दाबावयास भिणाऱ्या हाताला यंत्र काय करणार?

आईनें विजेच्या बिलाच्या पाकिटावर त्याच रात्रीं हिशेब मांडला. ताशीं ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारें १४ मीटर. समोर कोणी आडवें आलें हें ध्यानांत येऊन हात हलेपर्यंत एक सेकंद जातो. तेवढ्यांत १४ मीटर गेलेच. पुढें कोरड्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट वापरणारा आणखी १४ मीटरांत थांबतो. मागचा एकच दाबणाराला त्याच्या सुमारें दुप्पट अंतर लागतें. हिशेब ढोबळ आहे. पण पाकिटावरची शेवटची ओळ वाचून चिरंजीवांनीं मोबाईल बाजूला ठेवला: जेथें पहिला थांबून उभा राहिलेला असतो, तेथें दुसरा अजून ताशीं ३५ किलोमीटर वेगानें चाललेला असतो.

ही चूक कांहीं एकट्या काकांची नव्हे. अमेरिकेंत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनीं लॉस एंजल्सच्या परिसरांतील मोटारसायकलींच्या ९०० अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली, व तिचा अहवाल १९८१ सालीं निघाला. त्यांत आढळलें तें हेंच. ऐन वेळीं बहुतेक चालकांनीं मागचा ब्रेक इतका दाबला कीं चाक घसरत गेलें, आणि पुढचा पुरेसा दाबलाच नाहीं. गाडी चपळाईनें बाजूला काढण्याची हातोटी तर जवळजवळ कोणाच्याच ठिकाणीं नव्हती. त्या चालकांपैकीं ९२ टक्के लोक आपले आपण, अथवा घरच्यांकडून वा मित्रांकडून शिकलेले होते.

प्रशिक्षणशाळांनीं पाटीवर रंगवून घ्यावा असा हा आकडा आहे. पण तो सावधपणें वाचला पाहिजे. रस्त्यावर एकंदर न शिकलेलेच पुष्कळ असतील, तर अपघातांतहि तेच पुष्कळ दिसणार. पुढें २०१० सालीं कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेनें मोटारसायकल-प्रशिक्षणावरील निरनिराळे अभ्यास एकत्र करून पाहिले. प्रशिक्षणानें अपघात घटतात असें ठामपणें म्हणण्याजोगा पुरावा तींतून निघाला नाहीं. म्हणजे फी भरली कीं मुलगा सुरक्षित झाला, या समजुतीला आधार नाहीं. उलट चार युक्त्या अंगीं आल्याच्या धुंदींत तो चाळीसच्या जागीं साठनें जाऊं लागला, तर शिकवणीनें घात केला असेंच म्हणावें लागेल.

मग पैसे कशासाठीं द्यावयाचे? जें घरीं मिळत नाहीं आणि परीक्षेंत विचारलें जात नाहीं, त्यासाठीं. मोकळ्या जागेवर ताशीं वीस, मग तीस, मग चाळीस अशा वेगानें गाडी आणून ती एकदम थांबविणें, आणि हें वीस-पंचवीस वेळां, शेजारीं उभ्या असलेल्या जाणत्या माणसाच्या नजरेखालीं करणें, ही खरी शिकवणी. मुलाच्या हाताला भीति कोठें वाटते हें त्या माणसाला दिसतें; काकांना दिसत नाहीं, कारण तीच भीति त्यांच्या हातांत आहे. ब्रिटनमध्यें १९९० पासून नवशिक्याला प्राथमिक प्रशिक्षण घेतल्यावांचून मोटारसायकल घेऊन रस्त्यावर येतां येत नाहीं, आणि २००९ पासून तेथील परीक्षेंत निदान ताशीं ५० किलोमीटर वेगावरून गाडी तातडीनें थांबवून दाखवावी लागते. तेथें परीक्षाच ती गोष्ट मागते, म्हणून शिक्षक ती शिकवितात. शाळेंत ज्या धड्यावर प्रश्न येत नाहीं तो धडा मुलें वगळतात, आणि खरें सांगावयाचें तर मास्तरहि वगळतात. आपल्याकडे १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक-प्रशिक्षण केंद्रांतून उत्तीर्ण झालेल्यास परिवहन कार्यालयांतील चाचणी माफ करण्याची तरतूद झाली आहे. उद्देश चांगला आहे. पण फी भरावयाची ती परीक्षा चुकविण्यासाठीं, असें कोणी समजूं लागला तर तो आठाच्या आकड्यालाहि मुकेल.

आणि पदरीं एकंदर चारच हजार असतील तर? तर त्यांतून आधीं आय. एस्. आय्. छापाचें, डोक्याला बरोबर बसणारें हेल्मेट घ्यावें, आणि उरल्या पैशांत काय बसेल तें पाहावें. २०२२ सालीं या देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं; त्यांतील सुमारें ७५ हजार दुचाकीवरचीं होतीं, आणि हेल्मेट न घातलेलीं सुमारें ५० हजार. ब्रेक चुकला तर हेल्मेट कांहींतरी करूं शकतें.

रविवारीं आई-वडील स्वतः शाळा पाहावयास निघाले. पहिल्या दोन ठिकाणीं "तातडीनें थांबायला शिकवितां का?" असें विचारतांच समोरचे गृहस्थ हंसले. "ब्रेक काय, तो येतोच आपोआप. लायसेन्स महिन्यांत हातांत देतों." तिसरे शिक्षक लष्करांतून निवृत्त झालेले हवालदार होते. त्यांनीं फी सांगितली पांच हजार. "परवान्याचें काम तुमचें तुम्ही करा, मी त्यांत पडत नाहीं," असेंहि वर सांगितलें. वडिलांनीं पैसे काढले. तेवढ्यांत आईनें विचारलें, "बायकांना शिकवितां का? स्कूटर?"

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीं वडिलांनीं तिला सारसबागेजवळ स्कूटर शिकवावयास घेतली होती. मागून धांवत आणि ओरडत त्यांनीं जें शिकविलें त्यानें ती एकदां पडली, आणि पुन्हां बसली नाहीं. तेव्हांपासून बस आणि रिक्षा. अशा स्त्रिया मध्यमवर्गांतल्या घरोघरीं आहेत. नवऱ्याच्या ओरडण्यापेक्षां परक्या माणसाचें शांत बोलणें पुष्कळ स्वस्त पडतें. फीचा खरा मोबदला कोणाला मिळत असेल तर तो त्यांना. दोघांची फी भरली गेली.

पंधराव्या दिवशीं काका "नुसतें पाहायला" म्हणून मैदानावर आले. हवालदारांनीं चुन्याची एक रेघ ओढली होती. चिरंजीवांनीं चाळीसच्या वेगानें येऊन रेघेपासून ब्रेक धरला आणि गाडी सरळ उभी केली. आईनें जपून, पंचविसानें, तेंच केलें. मग काकांनीं आपली गाडी सुरू केली. पहिल्या खेपेस मागचें चाक फरफटत गेलें आणि गाडी बरीच पुढें जाऊन थांबली. हवालदार कांहीं बोलले नाहींत. जवळ जाऊन त्यांनीं काकांचा उजवा हात मुठीवर नीट बसवून दिला, दोन बोटें पुढच्या ब्रेकवर ठेविलीं, आणि मनगट दुखतें का तें विचारलें. "थोडें," काका म्हणाले, आणि पुन्हां टोकाला जाऊन गाडी वळवून आले.