वेबसाईट : नाव, जागा आणि किल्ल्या



गावची शाळा, ग्रामपंचायत, दूध संस्था, वाचनालय यांच्या सभेत अलीकडे एक विषय हमखास निघतो. "आपली एक वेबसाईट पाहिजे!" ठराव होतो. कोणी म्हणतो, माझ्या भाच्याचा मित्र हे काम करतो. रक्कम मंजूर होते आणि महिन्याभरात शाळेची इमारत, ध्वजवंदन, मुलांची कवायत हे सारे फोनवर दिसू लागते. सर्वांना आनंद होतो, आणि व्हावाच. पण आपण नेमके घेतले काय, ते विकत घेतले की भाड्याने घेतले, आणि ते कोणाच्या नावावर आहे, हे त्या सभेतल्या मंडळींना विचारा. बहुधा कोणालाच सांगता येणार नाही. शेतजमिनीच्या बाबतीत आपण असे करू का? हातभर बांधासाठी दोन पिढ्या कोर्टाची पायरी झिजवतात, सातबाऱ्यावरचे नाव डोळ्यांत तेल घालून वाचतात. तेव्हा या नव्या जमिनीचे चार शब्द आज समजून घेऊ. ते शब्द इंग्रजी आहेत. पण फोनच्या दुकानात ते तसेच बोलले जातात, म्हणून मीही तसेच वापरतो.

वेबसाईटला मराठीत संकेतस्थळ म्हणतात. मी कॉलेजात मराठी शिकवणारा माणूस, मला तो शब्द आवडतो; पण बोलताना माझ्याही तोंडी वेबसाईटच येते. वेबसाईट म्हणजे काय? मजकूर, चित्रे आणि ती कशी मांडायची याच्या सूचना, यांची एक थप्पी. ही थप्पी कोठेतरी एका संगणकात ठेवलेली असते. तो संगणक रात्रंदिवस चालू असतो आणि कोणी मागितले की लगेच पान काढून देतो. त्याला सर्व्हर म्हणतात. सर्व्हर म्हणजे पंगतीतला वाढपी. पानावर बसलेल्याने "भात" म्हटले की वाढप्याने भात आणायचा. आणि पानावर बसून मागणारा कोण? तो आपल्या फोनमधला ब्राउझर. तो पान मागवतो आणि आलेला मजकूर आपल्यापुढे नीट मांडतो.

ही व्यवस्था फार जुनी नाही. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत ती रचली. १९९१ साली जगातली पहिली वेबसाईट सुरू झाली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ही विद्या सर्वांना मोफत वापरायला खुली केली. हक्क राखून ठेवले असते तर आज प्रत्येक पानामागे रॉयल्टी मोजावी लागली असती! आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत.

आता असे पहा. शाळेला वेबसाईट पाहिजे, पण वीज दुपारी दोनला जाते ती कधी येईल याचा भरवसा नाही. वाढपी रात्रंदिवस पंगतीत उभा राहिला पाहिजे, आपल्याकडे तर तो संध्याकाळी घरी जाणार. मग काय करायचे? ज्याच्याकडे अखंड वीज, जनित्र, थंड हवा आणि पहारा आहे, त्याच्या संगणकात थोडी जागा भाड्याने घ्यायची. या भाड्याच्या जागेला होस्टिंग म्हणतात. अशा हजारो सर्व्हरांची जेथे रांग लावलेली असते, ती इमारत म्हणजे डेटा सेंटर. ती पाहायला अमेरिकेला जायला नको. आमच्या कल्याणहून फार लांब नसलेल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात, ऐरोली, रबाळे, महापे या भागांत, अशा मोठमोठ्या इमारती उभ्या आहेत. एके काळी या पट्ट्यात रसायनांचे कारखाने धुराड्यांनी ओळखू येत. ही नवी गोदामे बाहेरून मुकी असतात, पण विजेची भूक त्यांनाही तेवढीच आहे.

भाड्याचे प्रकार बाजारातल्या गाळ्यासारखे आहेत. एका गाळ्यात दहा जणांनी फळ्या वाटून घ्याव्यात तसे शेअर्ड होस्टिंग. ते स्वस्त पडते, पण शेजाऱ्याकडे गर्दी उसळली तर आपल्या गिऱ्हाइकालाही आत शिरता येत नाही. लाकडी भिंत घालून आपला कप्पा वेगळा करून घेतला तर तो व्ही.पी.एस. आणि गरजेप्रमाणे आज एक गाळा, निकालाच्या दिवशी चार गाळे, अशी सोय म्हणजे क्लाउड. शाळेला किंवा ग्रामपंचायतीला पहिल्या प्रकाराने काम भागते. विकणारा मोठ्या गाळ्याचा आग्रह करील, त्याला नम्रपणे नाही म्हणा.

जागा झाली. आता तेथे पोहोचायचे कसे? जाळ्याला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो, त्याला आय.पी. पत्ता म्हणतात. जुन्या पद्धतीत तो चार आकड्यांचा असतो, प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. असे पत्ते सुमारे ४२९ कोटी होतात. ते जगाला पुरेनासे झाले, म्हणून आता त्याहून लांब पत्त्यांची नवी पद्धतही चालू आहे. आपण मागितलेले पान अखंड येत नाही. त्याचे बारीक तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहिला जातो आणि ज्याला जी वाट मोकळी मिळेल तिने तो निघतो. कल्याण जंक्शनवर उभे राहून पाहिले तर हे चटकन कळते. १ मे १८५४ रोजी ठाण्याहून कल्याणपर्यंत आगगाडी आली. पुढे येथून एक वाट कसाऱ्यावरून नाशिककडे आणि दुसरी कर्जतवरून पुण्याकडे गेली. कोणती गाडी कोणत्या रुळावर घालायची हे काम इंटरनेटवर राऊटर नावाचे यंत्र करते. रूळ तुटले की गाड्या खोळंबतात, तसेच येथेही होते. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तजवळ समुद्राखालच्या तारा तुटल्या आणि इकडे मुंबईपर्यंतचे इंटरनेट मंदावले. सगळे हवेतून येते असे ज्यांना वाटते, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

पण आकडे लक्षात कोण ठेवणार? म्हणून नाव लागते. त्या नावाला डोमेन म्हणतात, आणि सगळी मेख या नावात आहे. नावावरून आकडा शोधून देणारी जी जगभरची व्यवस्था आहे, तिला डी.एन.एस. म्हणतात. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी तिची रचना केली. ती आपल्या टपालासारखी चालते. आपण पाकिटावर आधी मुक्काम पोस्ट, मग तालुका, शेवटी जिल्हा लिहितो. पण टपालखाते आधी जिल्हा पाहते. डोमेनही असेच उजवीकडून वाचायचे. आमच्या कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेचा पत्ता आहे, केडीएमसी डॉट गव्ह डॉट इन. शेवटचे इन म्हणजे भारत. त्याआधीचे गव्ह म्हणजे सरकार. त्याआधीचे केडीएमसी म्हणजे आमची महापालिका.

उजवीकडून वाचण्याची ही सवय फार उपयोगी आहे. गव्ह डॉट इन ही शेपटी सरकारी संस्थांनाच मिळते. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, तो अशाच सरकारी पत्त्यावर. पण फोनवर "सातबारा" असे शोधले तर सरकारी वाटतील अशी अनेक पाने पुढे येतात. कोणाच्या नावात गव्ह हे अक्षर मधेच कोठेतरी घुसडलेले असते आणि शेपटी मात्र डॉट कॉम असते. तेथे पैसे भरण्याआधी शेपटी वाचा. बँकांचेही आता तसेच झाले आहे. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँक डॉट इन या शेपटीच्या पत्त्यावर यायला सांगितले, आणि ही शेपटी बँकांखेरीज इतरांना मिळत नाही.

काही जण म्हणतात, "आम्ही कुलूप पाहतो. कुलूप असले की वेबसाईट खरी." हा समज मोडून काढला पाहिजे. एच.टी.टी.पी.एस. किंवा कुलूप याचा अर्थ एवढाच, की तुमचे पत्र बंद पाकिटातून जात आहे, वाटेत कोणाला वाचता येणार नाही. ज्याला ते पोहोचते तो सज्जन आहे, असे कुलूप सांगत नाही. तसले प्रमाणपत्र आज फुकटही मिळते, आणि चोरही दाराला कुलूप लावतोच की!

नाव मराठीत घेता येते का? येते. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतली डॉट भारत ही शेपटी सुरू झाली. पण यंत्राच्या पोटात तिचे रूप वेगळे असते. आपण भारत लिहितो. जाळे ते एक्स, एन, दोन आडव्या रेघा आणि मग एच २ बी आर जे ९ सी असे वाचते. आपल्याला त्याचे सोयरसुतक नाही, पण असले काही दिसले तर घाबरू नये म्हणून सांगितले.

आता मुद्द्याची गोष्ट. डोमेन विकत मिळत नाही, बरे का! विक्रेता "खरेदी" म्हणतो, पण असते ते भाडे. एक वर्षापासून जास्तीत जास्त दहा वर्षांपर्यंत नाव नोंदवता येते. मुदत संपली की नूतनीकरण करायचे. नाही केले तर काही दिवसांची सवलत मिळते आणि मग ते नाव मोकळे होते. मोठमोठे यात फसले आहेत. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीकडून पासपोर्ट डॉट कॉम या नावाचे पैसे भरायचे राहून गेले आणि हॉटमेलच्या लोकांना आपली पत्रे उघडता येईनात. मायकेल चेनी नावाच्या त्रयस्थ प्रोग्रामरने आपल्या खिशातून ३५ डॉलर भरले, तेव्हा काम सुरळीत झाले. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्या कल्याणच्या नागरिकांची नावे जवळजवळ दोन हजार वर्षे दगडात टिकून आहेत. त्यांना नूतनीकरण लागले नाही!

मोकळे झालेले नाव कोणीही उचलतो. एका शाळेची हकीकत सांगतो. वेबसाईट करून देणाऱ्या मुलाने डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ई-मेलवर नोंदवले. त्यात त्याचा कपट काही नव्हता. सोपे पडले म्हणून केले. पुढे तो नोकरीसाठी परगावी गेला, फोन नंबर बदलला. मुदत संपल्याची पत्रे त्याच्या जुन्या ई-मेलवर येऊन पडली. काही महिन्यांनी पालकांनी शाळेचा पत्ता उघडला, तर पुढे जुगाराची जाहिरात! तोच पत्ता शाळेच्या पावतीपुस्तकावर, दाखल्यांवर, फलकावर छापलेला. मुख्याध्यापक पोलिसांकडे गेले. पण तक्रार कसली करायची? भाडे थकले, जागा दुसऱ्याने घेतली. कायद्याने ते नाव शाळेचे कधी नव्हतेच.

म्हणून वेबसाईट करून घेताना नाव, जागा आणि बांधकाम या तीन गोष्टी वेगळ्या समजा. बांधकाम कोणाकडूनही करून घ्या. पण नावाची आणि जागेची नोंद संस्थेच्या नावावर पाहिजे, आणि तीही अशा ई-मेलवर, जो संस्थेचा आहे आणि गुरुजींची बदली झाली तरी शाळेतच राहील. शाळांना आणखी एक सोय आहे. एज्यु डॉट इन आणि एसी डॉट इन या शेपट्या शिक्षणसंस्थांसाठी राखलेल्या असून त्या अर्नेट इंडिया या सरकारी संस्थेकडून मिळतात. कागदपत्रे द्यावी लागतात, चार दिवस जास्त जातात. पण वाटेवरच्या कोणालाही ते नाव उचलता येत नाही. मला तरी हा त्रास घेण्यासारखा वाटतो.

बांधकामाविषयी थोडक्यात. पानाचा सांगाडा एच.टी.एम.एल. नावाच्या खुणांनी करतात : हे शीर्षक, हा परिच्छेद, हे चित्र. रंगरंगोटी सी.एस.एस. करते. खुणा न शिकताही पाने भरता यावीत म्हणून वर्डप्रेससारखी तयार साधने आहेत. आठवी-नववीची मुले ती आठवड्यात शिकतात. मराठी मजकूर मात्र युनिकोडमध्येच टाइप करून घ्या. जुन्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर दुसऱ्याच्या फोनवर भलतीच अक्षरे होऊन दिसतो आणि शोधणाऱ्यालाही सापडत नाही. तसेच सबंध वेबसाईटची एक प्रत, म्हणजे बॅकअप, दर सत्राला काढून शाळेच्या कपाटात ठेवा. गाळेवाल्याच्या घरी आग लागली तर आपला माल आपल्याकडे असावा.

तुमच्या शाळेची वेबसाईट आधीच असेल, तर एक काम आज रात्रीच होण्यासारखे आहे. हूइज नावाची एक सोय इंटरनेटवर फुकट मिळते. तेथे डोमेन लिहिले की ते कोणत्या विक्रेत्यामार्फत नोंदले आहे आणि मुदत कोणत्या तारखेला संपते, हे कोणालाही वाचता येते. ती तारीख शाळेच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात मांडा. ती मे महिन्यात पडत असेल तर नूतनीकरण मार्चमध्येच उरकून घ्या. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, आणि पैसे भरण्याची आठवण करणारे पत्र उघडायला तेथे कोणी नसते.