दंव, चतुर आणि भिंग

घोडनदीकांठचें शिरूर आणि भीमाकांठचें दौंड हीं दोन्ही गांवें सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत वसलेलीं आहेत. पावसाचे दिवस तेथें थोडे. म्हणून भिजलेल्या फुलांचें व कीटकांचें छायाचित्रण शिकूं पाहणारानें बागेंत हिवाळ्यांतील पहांट साधावी.

रात्रीच्या गारव्यानें चतुराचें अंग थंडावतें; ऊन लागेपर्यंत त्यास सहसा उडतां येत नाहीं, आणि त्याच्या पंखांवर दंव सांचतें. मॅक्रो भिंगानें त्याची प्रतिमा मूळ आकाराएवढी उमटते. परंतु स्पष्टतेची खोली जेमतेम एक-दोन मिलिमीटर उरते. यास्तव कॅमेरा तिवईवर ठेवून पंखाशीं समांतर करावा. थेंबांत मागचें फूल उलटें दिसतें, कारण थेंब हेंही एक भिंगच होय.

कित्येक उतावळे कीटकास शीतकपाटांत गारठवून फुलावर बसवितात. चित्र सुबक येतें. पण तो जीव रात्र कोठें व कशी काढतो, याविषयीं तें खोटी साक्ष देतें, आणि क्वचित् तो प्राणासही मुकतो. फुलावर पिचकारीनें पाणी शिंपडणें क्षम्य आहे, हें नव्हे. दंव सुकलें कीं चतुर पंख थरथरवून ऊब मिळवितो व उडून जातो. तोंवरचा अवकाश धीरानें शिकणारास पुरेसा असतो.