दोन आगपेट्यांएवढा उजेड

कवीला उजेडाबद्दल बोलायला सांगितलं की तो थेट चंद्रावर जातो. मी आज फ्लॅशगनबद्दल बोलणार आहे. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसणारी ती ठोकळ्यासारखी वस्तू, आणि तिच्या तोंडावर लावायचा पडदा. पडदा लहान असला की दुकानदार त्याला डिफ्यूझर म्हणतो, कापडी पेटीसारखा मोठा असला की सॉफ्टबॉक्स.

माझा भाचा तालुक्याच्या गावी लग्नाचे फोटो काढतो. निकाह असो, हळद असो, त्याला सगळं सारखंच. यंदाच्या सीझनआधी त्याच्याकडे एकाच खरेदीपुरते पैसे होते. "मामू, कुठलं घेऊ?" असं त्यानं विचारलं. मी बीए, तेही मराठी घेऊन. पण हौसेचा कॅमेरा माझ्या गळ्यात तीस वर्षं आहे, आणि भाच्यानं सल्ला मागितल्यावर गप्प बसणारा मामा अजून जन्मायचा आहे!

श्रोतेहो, फ्लॅशचा उजेड चेहऱ्यावर वाईट दिसतो तो जोरदार असतो म्हणून नव्हे, लहान असतो म्हणून. फ्लॅशगनचं तोंड जेमतेम दोन आगपेट्यांएवढं. तेवढ्याशा जागेतून येणारा उजेड नाकाखाली काळी रेघ ओढतो, कपाळावरच्या घामाचा पांढरा ठिपका करतो आणि मागच्या भिंतीवर माणसाचं भूत उभं करतो. सूर्याचा व्यास जवळपास 14 लाख किलोमीटर. पण तो 15 कोटी किलोमीटरवर आहे, म्हणून आपल्याला नाण्याएवढा दिसतो आणि दुपारची सावली सुरीसारखी धारदार पडते. श्रावणात ढग आले की अख्खं आभाळच दिवा होतं, सावली विरघळते. सॉफ्टबॉक्सचं काम ढगाचं. कापड किती दुधाळ आहे यापेक्षा चेहऱ्याच्या जागेवरून तो केवढा दिसतो, हे महत्त्वाचं.

एवढं ध्यानात आलं की दुकानातली अर्धी वस्तू आपोआप बाजूला पडते. सगळ्यात खपते ती प्लॅस्टिकची पांढरी टोपी. स्वस्त, खिशात मावणारी. पण ती मुठीएवढीच, त्यामुळे उजेडाचा आकार फारसा वाढत नाही. पांढऱ्या भिंतींच्या लहान खोलीत ती कामाला येते, कारण ती उजेड चहूकडे उधळते आणि भिंती तो परत पाठवतात. मोकळ्या मैदानातल्या मांडवात मात्र उधळलेला उजेड आभाळात जातो. तो परत कोण आणणार? टोपीपायी एक ते दोन स्टॉप जातात, म्हणजे उजेड निम्मा, नाहीतर पावच उरतो. फ्लॅशला जास्त जोर लावावा लागतो आणि सेल लवकर बसतात.

पांढरं, बेताच्या उंचीचं छत हा तर फुकटचा सॉफ्टबॉक्स. फ्लॅशचं डोकं वर वळवायचं, झालं. पण छताचा रंग बघून! लाल-केशरी कापडाच्या मांडवात नवरीचे गालही केशरी होतात, आणि उंच पत्र्याचं शेड उजेड गिळून बसतं.

आता सॉफ्टबॉक्स. 60 सेंटिमीटरचा चौकोनी घेतला आणि चेहऱ्यापासून मीटरभर अंतरावर ठेवला, तर उजेड मऊ येतो. तोच 4 मीटरवर नेला की रुंदीनं चौथाई दिसतो, उजेड सोळाव्या हिश्शावर येतो, आणि पुन्हा जवळजवळ आगपेटीच. म्हणजे चाळीस माणसांच्या ग्रुपला त्याचा उपयोग नाही. शिवाय स्टँड हवा, फ्लॅश दुरून उडवायला ट्रिगर हवा, वारा असेल तर स्टँडच्या पायाशी वाळूची पिशवी हवी. हे सगळं धरून हिशेब करावा. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशला लटकवायचे छोटे सॉफ्टबॉक्स मिळतात, ते मला पसंत नाहीत. वजनानं फ्लॅशची मान वाकते आणि आकार तरी कितीसा वाढतो?

मग ज्याचा उपयोग एका वेळी एका-दोघांनाच, त्यात पैसे का घालायचे?

माझी अम्मा गेली, तेव्हा घरात तिचा एकटीचा फोटो नव्हता. त्या पिढीच्या बायका फोटोवाल्यासमोर बसतच नसत. एका लग्नातल्या ग्रुपमध्ये ती मागच्या रांगेत सापडली. तेवढाच चेहरा कापून मोठा करून घेतला. समोरून उडालेल्या फ्लॅशनं ओढणी आणि चेहरा एकाच पांढऱ्यात गेलेले. उजव्या गालावर तीळ होता, तो त्यात नाही. फोटोवाल्याचा काय दोष? पंधरा फुटांवरून त्याला सगळं खानदान टिपायचं होतं. पण आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांचे भिंतीवर लागणारे फोटो बहुधा असेच लग्नातून कापलेले असतात, मग घर कुणाचंही असो.

म्हणून भाच्याला म्हटलं, "बेटा, स्टेजवर छत कामाला लाव. पैसे सॉफ्टबॉक्समध्येच घाल. घडीचा, 60 सेंटिमीटरचा. आत दुसरा पडदा असलेला बघ, म्हणजे मधोमध उजेडाचा गोळा दिसत नाही. दुकानातच कोऱ्या कागदाचा फोटो काढून बघ, कापडाची निळी-पिवळी झाक तिथेच कळेल. हॉलच्या एका कोपऱ्यात तो उभा कर, जवळ एक खुर्ची ठेव, आणि जेवणं चालू असताना दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना एकेक करून दोन मिनिटं बसव."

त्यानं तसंच केलं. पहिल्या दिवशी खुर्चीवर कुणी बसेना. शेवटी नवऱ्या मुलाची आजी आली, सॉफ्टबॉक्सकडे बघून तिनं विचारलं, "हे आणि काय लावलंयस?"

"उजेडाला ओढणी घातलीय, आजी."

ती हसली तेव्हा त्यानं बटण दाबलं.