पंखाचा कोन

श्रोतेहो, बारामती आणि गोंदियाला विमान उडवायला शिकणारे काही विद्यार्थी आज इथे आले आहेत. त्यांच्या पुस्तकातल्या पहिल्याच आकृतीपासून सुरुवात करतो.

पंख उभा कापला तर जो छेद दिसतो, तो एअरफॉइल. हवेला आधी भिडणारी गोलसर कड लीडिंग एज, मागची निमुळती ट्रेलिंग एज. या दोन टोकांना जोडणारी सरळ रेषा म्हणजे कॉर्ड. वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांच्या बरोबर मधून जाणारी रेषा कॉर्डपासून जितकी फुगते, तितका कॅम्बर. सेस्ना १७२ चा पंख ‘नाका २४१२’ या आकारावर बेतलेला आहे. म्हणजे कॅम्बर कॉर्डच्या २ टक्के, तो सर्वाधिक पुढच्या कडेपासून ४० टक्क्यांवर, आणि जाडी १२ टक्के. चार आकड्यांत सगळा छेद मावला!

आता लिफ्टबद्दल, म्हणजे विमान उचलणाऱ्या बलाबद्दल, एक गैरसमज. वरच्या हवेला लांबचा रस्ता पडतो आणि खालच्या हवेबरोबर मागच्या कडेला पोहोचायचं म्हणून ती पळते, असं अजूनही शिकवलं जातं. हे चूक आहे. दोघींनी एकाच वेळी पोहोचावं असा कुठलाच नियम नाही. विंड टनेलमध्ये धुराचे तुटक झोत सोडले, तर वरची हवा आधीच मागे पोहोचलेली दिसते. पंख हवेला खाली वळवतो, त्याच्या वर दाब कमी होतो, खाली तुलनेने जास्त राहतो. ही एकाच घटनेची दोन वर्णनं आहेत. कॅम्बर अजिबात नसलेला पंखसुद्धा विमान उचलतो, आणि कसरतीची विमानं उलटी उडतात. हे जमतं कोनामुळे.

हा कोन म्हणजे अँगल ऑफ अटॅक. कॉर्ड आणि पंखावर येणारी हवा यांच्यामधला. विमान प्रत्यक्ष ज्या दिशेने जातं, त्याच्या उलट दिशेने ही हवा येते. नाक क्षितिजाच्या किती वर आहे, याच्याशी त्याची गल्लत करू नका. कोन वाढला की लिफ्ट वाढते, पण साधारण १५-१६ अंशांपर्यंतच. त्यापुढे वरची हवा पृष्ठभाग सोडते, लिफ्ट घसरते, ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, भरमसाट वाढतो. हाच स्टॉल. इंजिन तेव्हा उत्तम चालू असू शकतं. माझं ठाम मत आहे की विद्यार्थ्याला वेगाच्या आकड्याआधी हा कोन समजला पाहिजे.

१ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचं रिओहून पॅरिसला निघालेलं ४४७ क्रमांकाचं विमान अटलांटिकमध्ये कोसळलं. २२८ माणसं गेली. वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत बर्फ साचला, वेगाचे आकडे बिनभरवशाचे झाले, ऑटोपायलट सुटला आणि स्टिक मागे ओढली गेली. पाण्यावर आदळताना नाक सुमारे १६ अंश वर होतं. पण विमान वेगाने खाली पडत असल्यामुळे हवा खालून येत होती, आणि अँगल ऑफ अटॅक ३५ अंशांच्याही वर होता. तो कोन दाखवणारं उपकरण वैमानिकांसमोर नव्हतं.

तुमच्या छोट्या विमानात धोका असतो उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणावर. धावपट्टीची रेषा ओलांडली गेली की विद्यार्थी वळण आवळतो आणि योक, म्हणजे नियंत्रणाचं चाक, मागे ओढतो. ६० अंशांच्या कलात उंची टिकवायची तर पंखाला दुप्पट भार पेलावा लागतो. स्टॉलचा वेग भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे इथे १.४१ पट. सरळ उड्डाणात ५० नॉट्सला येणारा स्टॉल इथे ७० नॉट्सलाच गाठतो, आणि सावरायला खाली उंची नसते. वळण बिघडलं तर सरळ गो-अराउंड करा, म्हणजे न उतरता पुन्हा वर जा. त्यात काहीही कमीपणा नाही.

आणि स्टॉल झालाच, तर योक पुढे. जमीन समोर दिसत असताना नाक खाली करायला मन तयार होत नाही, म्हणूनच प्रशिक्षक भरपूर उंचीवर हे पुन्हा पुन्हा करून घेतात. आधी कोन कमी करा, मग ताकद द्या. एक पंख पडू लागला तर त्याला एलेरॉनने, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेवरच्या झडपेने, उचलायला जाऊ नका; खाली वळलेला एलेरॉन त्याच पंखाचा कोन आणखी वाढवतो आणि विमान गिरकी घेऊ शकतं. तिथे पाय वापरायचा, उलट बाजूच्या रडरवर.